ट्रूसआजींच्या वडिलांचं निर्माल्य

रॉटरडॅममध्ये तुझं कोण आहे, असं नीलांबरीला कुणी विचारलं तर ती नवऱ्याच्या आधी ट्रूसआजींचं नाव घ्यायची. शिरीषला त्याचा राग नव्हता, बिचाऱ्याला ते पटलेलंच होतं. त्याच्या आयटीतल्या नोकरीमागे पुण्याहून आलेली ही बाई पहिलं वर्ष नुसती खिडकीत बसून ट्राम बघत होती. खालच्या मजल्यावरच्या ट्रूसआजींनी तिला सायकलवर बसवलं, डच बोलायला लावलं आणि हिचा शिवणातला हात पाहिल्यावर अख्ख्या गल्लीचे पडदे हिच्यापुढे आणून टाकले. आता तिचं स्वतःचं दुकान होतं! आणि एवढं सगळं करणाऱ्या आजी कॉफीबरोबर बिस्किट मात्र एकच द्यायच्या. लगेच डब्याचं झाकण, टप्प!

आजींचे वडील नौदलात खलाशी होते. १९४० च्या मे महिन्यात जर्मन सैन्य रॉटरडॅममध्ये घुसलं, तेव्हा जहाज सोडून, हाती बंदुका घेऊन, पायदळासारखे रस्त्यावर लढलेल्या खलाशांत तेही होते. ते काही परत आले नाहीत. आजी तेव्हा पाच वर्षांच्या. नदीकाठी त्या खलाशांचं लहानसं स्मारक होतं. दर चार मेला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, आजी तिथे स्वतः बांधलेलं पुष्पचक्र ठेवायच्या. २०१५ साली गुडघ्यांनी दगा दिला.

"माझ्या बाबांकडे तू बघशील?" त्यांनी विचारलं.

नीलांबरीला भरून आलं. इतक्या वर्षांत आजींनी पहिल्यांदा काही मागितलं होतं.

तिने चक्र नेऊन ठेवलं. काही दिवसांनी दगड पुसायला गेली, तर फुलं पार वाळलेली. आता वाळकी फुलं आपल्याकडे कोण तशीच ठेवतं? तिने तार काढली, प्लॅस्टिक काढलं, फुलं ओंजळीत घेतली, कपाळाला लावली आणि मास नदीत सोडली. घरी येऊन कॉफी पिता पिता मोठ्या कौतुकाने सांगितलंसुद्धा.

आजींचा कप हातातच राहिला. "टाकून दिलीस?"

इथे त्या फुलांना कुणी हात लावत नाही, ती जागच्या जागी सुकू देतात, हे नीलांबरीला तो चेहरा बघून आत्ता उमगलं.

"टाकली नाहीत हो आजी! वाहिलेलं फूल कुणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून आम्ही पाण्यात सोडतो. देवाचंसुद्धा..." पुढचं डच पळूनच गेलं. जिने मला उभं केलं, तिच्याच बापाची फुलं मी वाहवली, असं तिला झालं.

आजींनी कप बशीत ठेवला.

"आई म्हणायची, खलाशाला मरण पाण्यात यावं. बाबांना आलं रस्त्यात," त्या म्हणाल्या. "आणि मी वेडी इतकी वर्षं फुलं दगडावरच ठेवत आले. ती नदी समुद्राला मिळते ना गं?"

"मिळते, आजी."

"मग पोचले ते घरी. पुढच्या वर्षी मला खुर्चीतून तिथे ने. मी माझ्या हाताने सोडीन."

नीलांबरी ओक्साबोक्शी रडायला लागली. आजींनी बिस्किटांचा डबा तिच्यापुढे सरकवला आणि झाकण लावलंच नाही.