छाटलेली टोके

भाईंदरजवळच्या राई गावात, खाडीकाठी झालेल्या मारहाणीच्या तीन हकिगती मला मिळाल्या. तिन्हींत जखमांची संख्या वेगळी आहे. एकमत आहे ते एवढ्यावरच, की सदूवर हात टाकण्यापूर्वी सगळ्यांनी रामनाथ यांनी काढलेले छायाचित्र पाहिले होते.

रामनाथ लग्नांचे फोटो काढतात. जन्म मासेमारांच्या घरातला, पण सोळाव्या वर्षी कॅमेरा हाती आला आणि जाळे सुटले. होडी थोरल्या भावाकडे, दाजीकडे राहिली. गेल्या मार्गशीर्षात दाजीचे जाळे खाडीतून वर आले ते पुरुषभर भगदाड घेऊन. शेजारच्या जागेत सदू जाळे लावतो. हद्दीचा वाद जुना. दाजीने काही न विचारता वल्हे हाणले आणि सदूच्या मनगटाचे हाड मोडले. संध्याकाळी सदूच्या भावकीने कुऱ्हाडीने दाजीच्या होडीच्या फळ्या फोडल्या. पंचांनी तीन दिवसांची मुदत दिली: सदूने जाळे कापल्याचे सिद्ध झाले तर त्याची जागा जाईल, नाही तर दाजीने भर बैठकीत माफी मागायची.

रामनाथ म्हणाले, सूतच सांगेल. नायलॉन सुरीने कापले की टोक सपाट राहते. ताणून तुटले की निमुळते, पांढुरके होते. साध्या लेन्सने ते दिसणार नव्हते. बारीक वस्तू मोठी करून टिपणारी नवी मॅक्रो लेन्स आवाक्याबाहेरची, म्हणून ते पूनम सागर वसाहतीतल्या अल्पेशच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले.

“काय रामनाथभाई, अंगठीचा फोटो काढायचाय?”

“सुताच्या टोकाचा.”

“मग तुमच्या पन्नासच्या लेन्समागे नळ्या लावा ना. सस्तामां पती जशे, स्वस्तात काम होईल.”

“जवळ किती जावं लागेल?”

“चार बोटं.”

“म्हणजे सुतावर माझीच सावली. लांबून घेता येईल असं दाखव.”

अल्पेशने शंभरची एक जुनी मॅक्रो लेन्स काढली. “ये लो. पण ऑटोफोकस मेलाय.”

“मेला तर मेला. जाळं कुठं पळून जातंय?”

दुसऱ्या दिवशी अंगणात टांगलेल्या जाळ्यासमोर तिपाई लावून, हाताने फोकस साधत त्यांनी भगदाडाच्या कडेची चाळीस टोके टिपली. चाळीसही सपाट होती.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी देवळासमोर बैठक भरली. लॅपटॉपवर सूत बोटाएवढे जाड दिसत होते. “बघा, सरळ कापलंय,” एवढेच रामनाथ बोलले. प्लास्टर घातलेला हात वर करून सदू ओरडला, “देवाशप्पथ, मी न्हाय!” पहिली लाथ त्याच्या पोटात बसली. मग सळई, चप्पल, होडीचा दांडा. कुणीतरी त्याच्या मोडक्या हातावर उभे राहिले. सळईचे टोक डाव्या डोळ्यात गेले, तेव्हा त्याचे ओरडणे थांबले. रामनाथ मध्ये पडले. त्यांना ढकलून देण्यात आले. सदूला रिक्षात घालून नेल्यावर फरशीवरच्या रक्तात एक दात पडलेला होता.

दाजीची बायको कृष्णाबाई रिकामी पाटी घेऊन भाईंदरच्या बाजारातून परतली ती त्यानंतर. काय घडले ते ऐकून ती थेट पंचांसमोर गेली.

“सदूनं कुठं कापलं! काल पहाटं मीच छाटलं की. फाटलेली टोकं छाटल्याबिगर गाठ बसते काय?”

जाळे सांधण्याआधी टोके छाटतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. जाळे पन्नास पावलांवर टांगलेले होते. कड छाटलेली आहे का, ते उठून कुणी पाहिले नाही. पहिली चूक रामनाथ यांची: जाळे खाडीतून वर आल्यापासून त्याला कोणाचा हात लागला, हे त्यांनी विचारले नव्हते.

छाटलेली टोके कृष्णाबाईने पिशवीत भरून ठेवली होती. रामनाथ यांनी ती पांढऱ्या कागदावर मांडून टिपली. सगळी निमुळती, पांढुरकी. दोन टोकांत खडकाला चिकटून वाढणाऱ्या कालवाच्या शिंपल्याचे तुकडे रुतलेले. जाळे खडकाला अडकून फाटले होते.

दाजी मागून पाहत होता. “रामा, पुसून टाक हे.”

“दादा, तो दुपारचा फोटो मीच दाखवला.”

“दाखवलास ना? आता गप बस. भावाला आत घालशील?”

“सदूचा डोळा गेलाय, दादा.”

दाजीने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला, मग खाली पाडून बरगड्यांत दोन लाथा घातल्या. कृष्णाबाईने नवऱ्याचे केस धरून त्याला मागे ओढले. रामनाथ भिंतीला धरून उठले, कॅमेरा घेतला आणि फुटलेल्या ओठाने पोलीस ठाण्यात गेले. दोन्ही वेळची छायाचित्रे त्यांनी दिली. त्यांच्या जबाबाची प्रत मी वाचली आहे. सदूला मारणाऱ्यांत पहिले नाव दाजीचे आहे. हवालदाराने नाते विचारले. “सख्खा भाऊ,” असे सांगून त्यांनी पुढची सहा नावे दिली.