विरोधी बाजूची दहा मिनिटं

नव्वदच्या दशकात नेरूळच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी माझे बाबा होते. टीव्हीवर बातम्या लागल्या की ते रोज चिडायचे. "नुसते मंत्रीच दाखवतात! विरोधकांनाही तेवढाच वेळ द्यायला हवा. कायदाच करा ना तसा!" चपात्या लाटता लाटता ऐकून आईला हे भाषण पाठ झालं होतं.

सोसायटीची निवडणूक आली तेव्हा आमच्या केबलवाल्याने आपल्या लोकल चॅनलवर बाबांना दहा मिनिटं दिली. आपल्यामुळे पाण्याचं टेन्शन कसं संपलं, ते त्यांनी झकास सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, केबलवाल्याच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसलेली आई पडद्यावर दिसली. तिने विरोधी बाजूचा वेळ मागून घेतला होता.

"पाणी पहाटे जेमतेम अर्धा तास येतं," ती शांतपणे म्हणाली. "सेक्रेटरींच्या घरातली पिंपं मीच भरते."

बाबांनी उठून टीव्ही बंद केला. तरी समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्याखिडक्यांतून आईचा आवाज येतच राहिला. मला हसू आवरेना, म्हणून मी उशीत तोंड खुपसलं.

थोड्या वेळाने आई घरी आली. "कसं बोलले मी?"

"काय माहीत," पेपरातून डोकं न काढता बाबा म्हणाले. "मधेच केबल गेली."

"हो का?" चप्पल काढत आई म्हणाली. "मी केबलवाल्याकडूनच येतेय."