पाडव्याची पायडलं

माणूस सायकलवरून पहिल्यांदा पडला की लोक विचारतात, ‘लागलं का?’ दहाव्यांदा पडला की विचारतात, ‘आज कुठे?’ रत्नागिरीत लग्न होऊन आले आणि नवऱ्याच्या रविवारच्या सायकल ग्रुपात मी वर्षाच्या आत दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचले. मी तशी कमी बोलणारी. पण पडणाऱ्या माणसाला बोलावं लागतच नाही, किस्से आपोआप साठत जातात.

*

सुरुवात माझ्याच तोंडाने झाली. अनिकेत आणि त्याचे आईबाबा मला बघायला आमच्या घरी, संगमेश्वरला आले होते. पोहे झाले, आणि त्याने विचारलं, आवड कशाची? मी ‘वाचन’ म्हणणार होते. पण पुढे ‘काय काय वाचलंय?’ आलं तर, या भीतीने म्हणून बसले, “सायकलिंग.”

अनिकेत खुर्चीत सरसावून बसला. आमच्या आईला ठसका लागला.

कारण माझी सायकल दहावीनंतर हललीच नव्हती. मागल्या दारी विहिरीजवळ ती उभी होती, दोन्ही टायर जमिनीला टेकलेले, आणि आईने तिच्यावर पडवळाचा वेल चढवलेला. त्या वर्षी पडवळं झकास धरली होती. होणाऱ्या सासूबाई तेवढ्या पोह्यांआधी हात धुवायला मागे जाऊन आल्या होत्या. पण त्यांचं सगळं लक्ष केळीच्या घडाकडे होतं, असं आईने मला नंतर छातीठोकपणे सांगितलं.

लग्न ठरलं. आणि तेव्हापासून मला एकच धास्ती, हे बाहेर येणार कधी!

*

पहिली दिवाळी. पाडव्याला मी अनिकेतला ओवाळलं. शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या होत्या, नव्या सुनेच्या तबकात काय पडतं ते. त्याने खोका उघडला आणि तबकात धाडकन दोन पायडलं ठेवली. निरांजन विझलं.

इंटरनेटवरून, थेट परदेशातून मागवलेली. सोबत बूट. बुटाच्या तळाला धातूची पट्टी, ती पायडलात खट्कन अडकते. पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. “पाय आणि सायकल एकजीव होतात,” अनिकेत म्हणाला. तो कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो, त्यामुळे त्याचं सगळं ऐकायला सोपं वाटतं.

काकू पायडलं निरखून म्हणाल्या, “वजनाला चांगली आहेत हो.”

*

एकजीव झालो ते खरंच. स्प्रिंग नवी, कडक. पाय अडकायचा, निघायचा नाही. मारुती मंदिराशी मी ब्रेक लावला, सायकल थांबली, मीही थांबले, आणि मग दोघी मिळून अगदी सावकाश डावीकडे कलंडलो. इतक्या सावकाश, की वाटेत ओढणी सावरायला वेळ मिळाला.

पडले ती एका मासेवालीच्या टोपलीशेजारी. तिने आधी बांगडे तपासले, मग मला.

“बाय, पाय काढ ना.”

“निघत नाही.”

तिने माझी टाच धरून खसकन फिरवली आणि मला सोडवलं. “पाय बांधून सायकल चालवायला कोणी सांगितलं गो तुला?”

सांगितलं कुणीच नव्हतं. तीच तर अडचण होती.

*

त्यानंतर ग्रुपातले आठही पुरुष, मी ब्रेकला नुसतं बोट लावलं तरी एका सुरात ओरडायला लागले, “टाच बाहेर!” सर्वांत मोठा आवाज सावंत सरांचा. निवृत्त हेडमास्तर, वय पासष्ट, सायकल बिनगिअरची, पायात साधी चप्पल. ते कधीच पडत नसत.

एकदा वाटेत देवळाशी थांबलो. मी खांबाला धरून उभी, पाय निघेना. शेवटी बुटांचे पट्टे सोडले, पाय तेवढे बाहेर काढले आणि अनवाणी दर्शन घेऊन आले. बूट पायडलांवर तसेच लटकलेले. सर म्हणाले, “देवळाबाहेर चपलांची इतकी चोख व्यवस्था आजवर पाहिली नव्हती.”

*

बिघाड शोधायचं काम अनिकेतने मनावर घेतलं. पायडलाला मागे एक बारीक स्क्रू असतो, त्याने स्प्रिंगचा ताण कमीजास्त होतो. दर शनिवारी तो इंटरनेटवर वाचायचा आणि स्क्रू दोन घरं फिरवायचा. दर रविवारी माझा पाय आणखी घट्ट बसायचा. सासूबाईंनी मध्ये खोबरेल घालून पाहिलं. त्याने मुंग्या तेवढ्या आल्या.

बाबा, म्हणजे माझे सासरे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. महिनाभर ते झोपाळ्यावरून हे सगळं बघत होते. एका शनिवारी उठून आले.

“कुठल्या बाजूला फिरवतोस?”

“प्लसच्या.”

“का?”

“मोकळेपणा वाढवायचाय ना, बाबा.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या खरचटलेल्या कोपराकडे. स्क्रू उलटा फिरवला, आणि परत झोपाळ्यावर जाऊन बसले.

*

पाय निघायला लागला तसं मनही जरा मोकळं झालं. ठरवलं, आता खरं सांगून टाकायचं. भाट्याच्या पुलापुढच्या चढावर बाकीचे पुढे गेले होते, अनिकेत माझ्यासाठी रेंगाळत होता. आता त्याच्याही सायकलला तसलीच पायडलं आली होती.

म्हटलं, “अनिकेत, मला एक सांगायचंय. तुम्ही मला बघायला आला होतात ना, तेव्हा...”

तो चांगला नवरा आहे. नीट ऐकायला म्हणून तो थांबला.

पूर्ण थांबला. आणि माझ्याकडे बघत बघत, सावकाश, गटारात गेला.

मी न थांबता ओरडले, “टाच बाहेर!” तशीच पायडल मारत राहिले. वर पोचल्यावर लक्षात आलं की आज पहिल्यांदाच हा चढ न उतरता चढले. खाली समुद्र दिसत होता. कुणी बघत नव्हतं, तरी मी हसत होते.

तो चिखल झटकत आला. “काय सांगत होतीस?”

“काही नाही. खड्डा आहे म्हणून सांगत होते.”

*

यंदा पावसाच्या आधी सासूबाईंनी परसात आळी केली. ग्रुपच्या फेऱ्या आता चार महिने बंद, म्हणून माझी सायकल मी पुसूनपासून पडवीत ठेवली होती. सासूबाई हातात बिया घेऊन तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या.

“ही परसात लावते गं. पडवळाला बरी होईल.”

“नाही!”

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाबा झोपाळ्यावरून उठले आणि अनिकेत टॉवेलवरच बाहेर आला. या घरात आल्यापासून सासूबाईंना मी कशालाही नाही म्हटलं नव्हतं. आवाज खाली आणून म्हटलं, “मांडव घालूया ना, आई. सायकलवर कुणी वेल चढवतं का?”

सासूबाईंनी बिया दुसऱ्या हातात घेतल्या.

“अगो, तुझ्या माहेरी तर सायकलवरच होता की. हँडलला चांगली पडवळं लोंबलेली बघून पोहे खायला आत आले मी.”