तोंडावरचा रुमाल

ती घटना आठवली की आजही माझा हात रुमालाकडे जातो आणि अर्ध्यावरून परत येतो. गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. मी नवा फौजदार होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माणसे आपल्याला कळतात असा थोडा भ्रमही होता.

सावनेरजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आग लागली. कापसात आलेल्या खड्याने ठिणगी उडाली, एवढे पंचनाम्यात स्पष्ट झाले. पण मुकादमाने ओरडताच बाकीच्यांनी मशिनी थांबवल्या, एकाने थांबवली नाही. आग पसरली आणि शेजारच्या मजुराचे हात भाजले. खबऱ्याने सांगितले की या माणसाचे आदल्याच दिवशी मुकादमाशी भांडण झाले होते. मुकादमाचा जबाबही ठाम होता. "चार हातांवर उभा होतो साहेब. माह्याकडं पाहून त्यानं मान हलवली, अन् मशीन चालूच ठेवली."

जाणूनबुजून केले, असेच मलाही वाटले. जळक्या रुईचा धूर होता, म्हणून नाकातोंडावर रुमाल बांधूनच मी त्याला जागेवर प्रश्न केले. तो माझ्याकडे टक लावून पाहत राहिला, मग मान हलवली. मी ती कबुली धरली आणि त्याला ठाण्यात आणले.

तिथे हवालदाराने विचारपूस सुरू केली. गालात तंबाखू धरून, ओठ न हलवता बोलायची त्याची सवय. "काहून बे, मुका झाला काय?" त्यावरही मान हलली. रुमाल काढून मी विचारले की मात्र तो अदबीने, नीट उत्तर देई. तासभर हे पाहून मला चैन पडेना. शेवटी रुमाल पुन्हा तोंडावर धरला आणि विचारले, पाणी पाहिजे का.

"जी साहेब," तो म्हणाला, "बारा वर्सं झाले त्याच मशीनवर."

हवालदार हसला. मला हसू आले नाही. माझ्या वडिलांचे कान गिरणीतल्या मागांच्या आवाजाने गेले होते. घरात आम्ही त्यांच्या समोर जाऊन, ओठ दिसतील असे बोलायचो, आणि ही गोष्ट बाहेर काढायची नाही असे आईने बजावले होते. जिनिंगमध्ये धूळ जाऊ नये म्हणून सगळेच तोंडाला दुपट्टा बांधत. ओरडताना मुकादमाच्याही तोंडाला तो होताच. हे सगळे मला जिनिंगमध्येच दिसायला हवे होते.

रुमाल बाजूला ठेवून मी सावकाश विचारले, ऐकू येत नाही ना? त्याचा चेहरा उतरला.

"लिहू नका जी. जेलातून मानूस वापस येते. बहिऱ्याले मशीनवर कोन ठेवते?"

मी लिहिले. डॉक्टरांचा दाखला जोडला. त्याशिवाय तो सुटला नसता, असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले आहे. अजून पुरते पटलेले नाही. तो सुटला. पुढच्या हंगामात त्या मशीनवर दुसरा माणूस होता.

त्यानंतर जबाब घेताना मी तोंडावर कधी काही येऊ दिले नाही, हवालदारालाही आधी चूळ भरायला लावी. हललेली मान म्हणजे होकार नव्हे, एवढे शिकायला मला दुसऱ्याची रोजी लागली.

वर्षभराने तो सावनेरच्या बाजारात पोती वाहताना दिसला. मला दोन शब्द बोलायचे होते, म्हणून मी मुद्दाम त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्याने हात जोडले, आणि माझे ओठ हलण्याआधीच नजर खाली घेतली.