उपकेंद्रातला दिवा

हरभऱ्याएवढ्या दिव्याकडे बघत दोन वर्षं काढणारा माणूस सातारा-सांगलीत एकच निघेल, आणि तो नेमका माझ्या शेजारी निघाला. मी त्यांना सुभेदार म्हणते. पलटणीत त्यांनी जन्मभर टेलिफोनच्या तारा ओढल्या.

आमची वाडी कोयनानगरच्या वर, घाटात. इथल्या आरोग्य उपकेंद्रात मिरजेचा डॉक्टर पडद्यावरून तपासणार, असं सांगून सरकारी माणसं टीव्हीसारखा पडदा लावून गेली, इंटरनेटची पेटीही लावून गेली. नेट काही आलं नाही. पेटीवरचा दिवा हिरवा झाला की आलं समजायचं, तो लालच. सुभेदारांच्या बायकोचं हृदय अधू. दर पंधरा दिवसांनी डॉक्टरला दाखवायचं आणि घाटातली गाडी सोसत नाही, म्हणून ती मिरजेला लेकीकडे राहिली. नेट आलं की परत येणार होती. तोवर सुभेदार पेटी सोडून हलायला तयार नव्हते.

रोज दाढी करून, बूट चमकवून अकराला उपकेंद्रात जायचे. पेटी पुसायचे. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालायचे. परतताना माझ्या कुंपणापाशी ताठ उभे राहायचे. "वैनी, लाल. बाकी ठीक." मी भाजी निवडत असायची, विचारलेलं काही नसायचं. एकदा रस्ता रुंद करायला जेसीबी आला, तर हे खड्ड्यात उतरून उभे. चालक म्हणाला, "आवं आजोबा, मरायचं हाय का?"

"खाली वायर हाय," हे म्हणाले. "तिच्या त्या टोकाला माजी बायकू हाय."

तो बिचारा मशीन बंद करून जेवायला बसला.

गेल्या महिन्यात ते टेकडीवर जाऊन बायकोशी फोनवर बोलले. रेंज तिथंच मिळते. खाली आले ते माझ्या कुंपणाला टेकून उभे राहिले. ती म्हणाली होती, आता नेट आलं तरी घाट चढायचं बळ नाही, तुम्हीच या.

"मग जावा की," मी म्हटलं.

"आन् पेटी?"

"मी बगते."

पत्र्याची ट्रंक घेऊन गेले. जाताना पुसायचं फडकं घडी घालून माझ्या हातात दिलं.

मला त्या पेटीचं कौतुक नाही. माझे गुडघे दुखतात आणि उपकेंद्र चढावर आहे. तरी अकराला जाते, पुसते. फोन करायला टेकडी चढणं मला जमत नाही. परतताना त्यांचं कुलूप लावलेलं दार लागतं, वाटच तिथून आहे. तिथं जरा थांबते.

"लाल," मी म्हणते. "बाकी ठीक."