रांग बंद करण्याआधी

सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा सरांनी प्रोजेक्टसाठी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम फ्लॉपींवर दिली होती, सोर्स कोडसकट. तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आम्हाला हात घालायचा होता. डिस्ककडे आलेली वाचायची-लिहायची कामं कोणत्या क्रमानं उरकायची हे शेड्यूलर ठरवतो. मूळचा शेड्यूलर आल्या क्रमानं कामं करायचा. माझ्या जोडीदारणीनं दुसरा लिहिला, डिस्कच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना वाटेतली कामं आटपत जाणारा. आणि मशीन चालू असतानाच एकावरून दुसऱ्यावर जायची सोय मी लिहिली.

जोडीदारीण शिराळ्याजवळच्या गावची. बोलणं गावाकडचं, टायपिंग वर्गात सगळ्यांत जलद.

सरांच्या खोलीतल्या मशीनवर सगळं झकास चाललं. शुक्रवारी लॅबच्या मशीनवर भार पडावा म्हणून दोन मोठे प्रोग्राम कंपाइल करायला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायला लावले आणि शेड्यूलर बदलायची कमांड दिली. मशीन जागच्या जागी अडकलं. कितीही टाइप केलं तरी अक्षर उमटेना. रीसेट करून पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"तुझ्या शेड्यूलरमध्ये काहीतरी राहिलंय," मी म्हणाले. लॅबमध्ये आणखी पाच-सहा जण होते, त्यांनाही ऐकू गेलं.

"बघ की मग," ती म्हणाली. "मला तर काय दिसंना."

शनिवारी तिच्या कोडचं प्रिंटआउट घेऊन मी साताऱ्याला घरी निघाले. एसटीत तो लांबलचक कागद उलगडला, तर अर्धा शेजारच्या काकांच्या मांडीवर गेला. त्यांनी तो नीट धरून ठेवला.

"परीक्षा हाय का?"

"नाही, चूक शोधतेय."

"कुणाची?"

"मैत्रिणीची."

कराड आलं तसे ते उठले. मग म्हणाले, "घावली का?"

"अजून नाही."

"मग नसंल बी," म्हणून ते उतरून गेले.

मला थोडा रागच आला. रविवारभर पुन्हा वाचलं. काही सापडलं नाही.

सोमवारी लॅबमध्ये गेले तर ती मशीनचं झाकण उघडून बसलेली.

"सरांना इचारून त्यांच्या मशीनमधली मेमरी हितं बसवली," ती म्हणाली. "मग अडकलं न्हाई. काढली की अडकतंय. आनि अडकतं तवा डिस्कचा लाल दिवा विझलेला असतोय. डिस्क रिकामीच बसलीय गं, तिला कुणी काम देईना."

मी माझा स्वतःचा कोड उघडला. तो काही मी प्रिंट केला नव्हता. त्यात मी आधी डिस्कची रांग बंद करत होते, म्हणजे नवं काम आत येऊ नये. जुनी कामं संपली की नव्या शेड्यूलरसाठी मेमरी मागायची, मग अदलाबदल करून रांग उघडायची. पण मेमरी भरलेली असली की कर्नल जागा करण्यासाठी आतलं काहीतरी डिस्कवर नेऊन ठेवायला बघतो. त्यासाठी त्याला रांगेत उभं राहावं लागतं, आणि रांग मी बंद केलेली. तो रांग उघडायची वाट बघतोय, मी मेमरीची. यालाच डेडलॉक म्हणतात. पेपरात त्याची व्याख्या मी चांगली पानभर लिहिली होती.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मेमरी रांग बंद करायच्या आधी मागायला हवी होती."

ती स्क्रीनकडे झुकली. "किती ओळी हलवायच्या?"

"सात."

"शुक्रवारी तर लय मोठ्यानं बोललीस."

"हो. चुकलं माझं."

"मग हे बी मोठ्यानं बोल की."

लॅबमध्ये तेच पाच-सहा जण होते. मी मोठ्यानं बोलले. त्यांनी माना वर केल्या, काही न कळून परत खाली घातल्या. तिला मात्र हसू आवरेना, मग मलाही.

सात ओळी वर नेल्या. मेमरी मिळालीच नाही तर जुनाच शेड्यूलर चालू ठेवायचा, हेही तिनं घालायला लावलं. कर्नल कंपाइल होईपर्यंत आम्ही कॅन्टीनमध्ये चहा पिऊन आणि भडंग खाऊन आलो. मग कमी मेमरीच्याच मशीनवर तिनं वीस वेळा शेड्यूलर बदलला. एकदाही अडकलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी शेड्यूलर बदलताना बघितलाच नाही. रिपोर्ट चाळून त्यांनी एवढंच विचारलं, की पानांचे आकडे तीनपासून का सुरू होतात. ती शांतपणे म्हणाली, "पहिली दोन पानं सर्टिफिकेटची आहेत, सर." त्यांनी मान डोलावली आणि सही केली.