देवीचा हार आणि उकळणारी गाडी

माझी धाकटी बहीण नियेवेस डोंगरमाथ्यावरच्या आमच्या एल आल्तो शहरात गॅरेज चालवते, तेही घेरदार परकर नेसून. गॅरेजच्या दारातच माझी भज्यांची कढई, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. तिखटमीठ लावते म्हणायचं काम नाही.

त्या सकाळी सेवेरोकाकांची मिनीबस धापा टाकत आली. खालच्या शहरातून वर चढताना रोज उकळायची. तीन मिस्त्री झाले होते. एकानं पंप बदलला, दुसऱ्यानं थर्मोस्टॅटच काढून फेकला, तिसरा म्हणाला, इंजिन उघडा. ड्रायव्हरांच्या संघटनेनं बजावलं होतं, दुपारच्या फेरीला गाडी पुन्हा चढावर थांबली तर स्टँडवरचा नंबर दुसऱ्याला. बावीस वर्षांचा नंबर!

आणि तरी काका नियेवेसला विचारतात काय, "पोरी, नवरा कुठंय तुझा?"

"आत चहा करतोय. हवाय?"

माझ्या डोक्यात सणक गेली होती. नियेवेस मात्र शांत. "कधीपासून तापते?"

"तळ्याकाठच्या कोपाकबानाला देवीपुढं पूजेला नेली तेव्हापासून. माझंच काही चुकलं गं. देवी कोपली." म्हाताऱ्याचे डोळे भरले.

तिनं पान्याला हातसुद्धा लावला नाही. इंजिन चालू ठेवून पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं. पंखा हवा आत ओढतो, पान जाळीला चिकटायला हवं. ते खाली पडलं.

"पूजेत गाडीवर बिअर किती ओतलीत, काका?"

"चार बाटल्या. देवाच्या कामात हात आखडता कशाला?"

"आणि रंगीत कागदाच्या टिकल्या?"

"दोन पिशव्या."

झालं! जाळीवरचा पूजेचा हार काकांनी भक्तीनं तसाच ठेवलेला. त्यामागं टिकल्या बिअरमध्ये भिजून रेडिएटरच्या फटीफटीत खळीसारख्या वाळलेल्या. वारा जाणार कुठून?

ती हाराला हात लावणार तोच काका आडवे आले. "आशीर्वाद आहे तो!"

"टाकत नाही हो. जागा बदलते."

हार तिनं टपावर बांधला. इंजिन निवल्यावर रेडिएटरच्या मागच्या बाजूनं पाणी मारत केरसुणीच्या काडीनं एकेक फट मोकळी केली. निघालेला लगदा रुमालात बांधून काकांच्या हातात दिला, "धरणीमातेला वाहा." मग नवा थर्मोस्टॅट बसवला.

दुपारी चढाच्या माथ्यावर सगळे ड्रायव्हर आणि ते तीन शहाणे मिस्त्री गंमत बघायला जमले. मीही कढई उतरवून गेले. गाडी आली. खच्चून भरलेली, वाफेचा मागमूस नाही, तापमानाचा काटा मधोमध. माझा ऊर अभिमानानं असा भरून आला की डोळ्यांतून पाणीच आलं.

संघटनेच्या सेक्रेटरीनं विचारलं, "कुणी केली दुरुस्त?"

काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असे ओरडले, "नियेवेसनं! आणि तिचा नवरा चहा फक्कड करतो!"